शिळ्या भाताची खळ

नाम ऊ नदीच्या वळणावर आमचा विहार.
आतल्या भिंतीवर जगाची सुरुवात रंगवलेली.
पण आम्ही पोरं तिथंच टेकून बसायचो,
पाठी घासून घासून
सुरुवातच पुसली गेली होती.

ती पुन्हा काढायला होडीतून आले लुंग खाम्फूई.
लुंग म्हणजे आमच्याकडे काका.
एका कानानं बहिरे, दुसऱ्या कानावर पेन्सिल.
"मागं सरका," म्हणाले, "पण फार नका. सांगतो."

आधी नुसतं पाणी. आणि काळाकुट्ट अंधार.
सूर्य नाही, चंद्र नाही, आई नाही, बाबा नाही,
शाळा नाही.
(आम्ही टाळ्या वाजवल्या.)
त्या अंधारात काही जण उडत होते.
त्यांना दिवा लागत नव्हता, ते स्वतःच उजेड.
भूक लागत नव्हती, आनंदानंच पोट भरायचं.
"मुलगे की मुली?" तूईनं विचारलं.
"तसं काही नव्हतंच अजून. नावंसुद्धा नव्हती."

मग पाण्यावर माती धरली,
नारळाचं दूध आटवताना साय धरते तशी.
तुपाचा रंग, मधाचा वास.
एकानं बोट बुडवलं. चाटलं.
एकानं चाटलं की पुढं काय होतं, तुम्हाला माहीत आहे.
सगळ्यांनी ओरपलं,
आणि पोट जड होत गेलं तसा उजेड विझत गेला.
पार विझला, तेव्हा घाबरले.
तेव्हाच वर चंद्र दिसला, सूर्य दिसला.
"म्हणजे आपलाच उजेड वर गेला?" लाम्फान म्हणाली.
लुंगनी बहिरा कान पुढं केला.

अंगं आता जाड झाली. कुणी देखणं, कुणी ओबडधोबड.
देखणे ओबडधोबडांना हसले,
हसता हसता साय आटून गेली.
भूछत्रं आली, तीही गेली. वेली आल्या, त्याही.
मग आला भात.
टरफल नाही, कोंडा नाही, कांडायला नको.
संध्याकाळी तोडा, सकाळी पुन्हा पिकलेला.

एक होता आळशी.
म्हणाला, दोन्ही वेळेला कोण खेपा घालणार?
सकाळचं-संध्याकाळचं एकदमच आणलं.
शेजाऱ्यानं पाहिलं. त्यानं दोन दिवसांचं आणलं.
त्याच्या शेजाऱ्यानं चार. त्याच्या शेजाऱ्यानं आठ.
भाताला ते कळलं असावं.
त्यानं अंगावर टरफल ओढून घेतलं,
आणि तोडला तिथं उगवेनासा झाला.

मग बांध आले. "माझं" आलं.
पहिली चोरी, पहिलं "मी नाही घेतलं",
पहिली काठी.
शेवटी सगळे जमले, एकाला पुढं केलं:
तू न्याय कर, आम्ही आमच्यातला मूठ मूठ भात देऊ.
"तो राजा?"
"लोकांनी ठेवलेला गडी. पुढं तो हे विसरला,
ते चित्र दुसऱ्या भिंतीवर."
"आणि मोठ्या घराण्यातली माणसं?"
"तीही बोट चाटणाऱ्यांचीच, बाळा."

भिंतीवर तो आळशी पाठमोरा होता.
मी विचारलं, याला तोंड का नाही?
"कुणाचं काढू?" ते म्हणाले.

मला घाम फुटला.
रोज पहाटे भिक्खू रांगेनं यायचे,
आई मला चिकट भाताची टोपली द्यायची.
मी प्रत्येक पात्रात घास जरा लहान टाकायची,
उरलेल्याचा एक गोळा जिन्याखाली लपवायची.
खात नव्हते. नुसता असावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी सगळे गोळे त्यांच्यापुढं ठेवले.
दगड झालेले. एकावर हिरवी बुरशी.
लुंग काही बोलले नाहीत.
बुरशीचा तेवढा फेकला, बाकीचे भिजत घातले,
शिजवून खळ केली, फडक्यातून गाळली,
पिवळा रंग कालवला,
आणि पाण्यावर उडणारे ते पहिले सगळे
एकेक करून उजळले.
वर्ख मिळाला नव्हता त्यांना.
"बरं झालं," म्हणाले.

आता मी तेहतीस वर्षांची आहे.
पोरं अजून तिथंच टेकतात.
उन्हाळ्यात मुंग्यांची रांग भिंत चढते,
थेट त्या पिवळ्याकडे.
भिक्खू फुंकर घालून त्यांना हलकेच उडवतात.
एखादी उरतेच.
थांबते. चाटून बघते.